‘घरबसल्या बाइंडिंगचं काम’ घेण्याआधी दांडा ओढून बघा

पुण्यात धायरी, कात्रज, हडपसर या बाजूला विजेच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात अधूनमधून फिरते. घरबसल्या बाइंडिंगचं काम, मशीन आम्ही देतो, कागद आम्ही पोचवतो, तयार माल आम्हीच उचलतो. फोन केला की भाड्याच्या गाळ्यात बोलावतात, टेबलावरचं, दांडा दाबून कागदांना भोकं पाडायचं मशीन दाखवतात, चहा पाजतात आणि ‘रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग व मशीन’ म्हणून चौदा हजार घेतात. बाजारात तसंच मशीन चार-पाच हजारांत मिळतं. पण जास्तीची किंमत ही यातली लहान लूट. खरी गोम करारात आहे. तो करार आणि ते मशीन शेजारी ठेवून पाहिलं, की करारातला एकेक आकडा मशीनला न झेपणारा कसा निवडलाय ते दिसतं.

करार असा: आठवड्याला ५०० सेट, प्रत्येक सेटमध्ये ए-फोरचे १२० कागद, पुढे पारदर्शक कव्हर, मागे जाड पुठ्ठा, मजुरी सेटमागे ८ रुपये. शंभरात पाचपेक्षा जास्त नग बाद झाले किंवा मुदत चुकली, की भरलेले पैसे जप्त. पाचशेचा स्टँप पेपर, वर नोटरीचा शिक्का. शिक्का बघून लोक निर्धास्त होतात. पण सह्या कोणी केल्या एवढ्याचीच नोटरी साक्ष देतो, काम खरंच मिळणार का याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

आता मशीन. खोक्यावर छापलेलं असतं: ‘पंचिंग २० शीट, बाइंडिंग ५०० शीट’. यातला ५०० हा आकडा मशीनच्या ताकदीचा नाहीच. सगळ्यात मोठा, म्हणजे ५१ मिलिमीटरचा प्लास्टिक कॉम्ब (भोकांत ओवून कागद एकत्र धरणारा दातांचा कणा) त्यावर उघडता येतो आणि त्यात साधारण तेवढे कागद मावतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि २० शीट हा आकडा नव्या, धारदार पिनांचा, पातळ कागदाचा आणि दांड्यावर दोन्ही हातांनी पडणाऱ्या माणसाचा. नेहमीच्या ७५ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या, कागदाला या वर्गातल्या हाताच्या मशीनवर एका दाबात ८ कागद धरावेत, फार तर १०. प्लास्टिकचं कव्हर वेगळं, एकेकच. चांगल्या मशीनमध्ये पिनांची लांबी थोडी कमीजास्त ठेवलेली असते, त्यामुळे एकवीसच्या एकवीस पिना एकाच क्षणी कागदात शिरत नाहीत आणि जोर कमी लागतो. स्वस्त मशीनमध्ये सगळ्या एका रेषेत असतात.

हिशोब मांडला की चित्र उघडं पडतं. १२० कागद आठ-आठ करून पंधरा दाब, दोन्ही कव्हरांचे दोन, म्हणजे सेटला १७. पाचशे सेटला ८,५०० दाब. गठ्ठा ठोकून सरळ करायचा, सरकवायचा, दाबायचा, काढायचा, याला वीस सेकंद धरले तर ४७ तास झाले. कॉम्ब उघडून कागद ओवायला सेटमागे दोन मिनिटं, ते सतरा तास. सात दिवसांत ६४ तास, म्हणजे रोज नऊ तासांहून जास्त, रविवार धरून. गाळ्यातला माणूस मात्र कागदावर २० शीटचा हिशोब लिहून दाखवतो: सहा दाब, ५०० सेट, सतरा तासांत पंचिंग संपलं, उरलेला वेळ घरकामाला!

एक गोष्ट तर कोणी विचारतच नाही. ५०० सेट म्हणजे ६०,००० कागद, म्हणजे १२० रिम. ए-फोरची ७५ जीएसएमची एक रिम साधारण २.३ किलोची. दर आठवड्याला पावणेतीनशे-दोनशे ऐंशी किलो कागद तिसऱ्या मजल्यावर चढवायचा आणि तेवढाच उतरवायचा, तोही न चुरगळता. ज्याच्याकडे खरोखर एवढं काम आहे तो छापखान्यातच पंचिंग करतो, तेही विजेच्या मशीनवर. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही जुन्या बाइंडरला विचारा, एवढा माल घरगुती दांड्याच्या मशीनवर तो बाहेर देईल का म्हणून. तो हसेल.

पहिला गठ्ठा छोटा येतो, वीस-पंचवीस सेटचा, पातळ. तो पास होतो, पैसे रोख मिळतात, शेजारणीलाही योजना सांगितली जाते. माल बाद व्हायला लागतो दुसऱ्या गठ्ठ्यापासून. बाद होण्याची कारणं तीनच, आणि तिन्ही देणाऱ्याच्या हातात.

पहिलं कारण कडेचं भोक. कॉम्बच्या दोन भोकांमधलं अंतर १४.३ मिलिमीटर. ए-फोरच्या लांब बाजूवर २१ भोकं, म्हणजे पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत २८६ मिलिमीटर. कागद २९७ चा. दोन्ही टोकांना मिळून ११ उरले, एका टोकाला साडेपाच. भोक आठ मिलिमीटर लांब, त्याचा अर्धा भाग चार. म्हणजे कागदाची कड आणि भोक यांच्यात दीड मिलिमीटर कागद शिल्लक राहतो. बाजूची पट्टी, जिला कागद टेकवायचा ती, दोन मिलिमीटर सरकली की टोकाचं भोक कडेला फुटतं. या मशिनांत ती पट्टी एका प्लास्टिकच्या स्क्रूवर असते आणि शंभरेक दाबांत ढिली पडते. स्क्रू बदलून खाली वॉशर टाकला की काम भागतं, पण हे ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही.

दुसरं, खालच्या कागदांची भोकं चिंध्या झालेली. मुदत गाठायला माणूस आठाचे बारा, बाराचे पंधरा कागद घालायला लागतो. मऊ लोखंडाच्या पिना असतील तर धार जाते आणि कागद कापला न जाता दाबला जातो. त्यात भोकांतून पडणाऱ्या कागदाच्या टिकल्यांचा खालचा ट्रे भरलेला. पाचशे सेटच्या साडेबारा लाख टिकल्या पडतात, वजनाने सव्वादोन किलोच्या आसपास. ट्रे वेळेवर रिकामा केला नाही तर टिकल्या वर डायमध्ये, म्हणजे पिना ज्या भोकांत शिरतात त्या पट्टीत, चढतात, पीन अडकते, आणि दांडा रेटला की वाकते. अडकलं तर जोर लावायचा नाही. दांडा हळू वर न्यायचा, ट्रे काढून झटकायचा, मग अडीचशे-तीनशे जीएसएमचा एक पुठ्ठा एकटाच दोन-तीन वेळा पंच करायचा, अडकलेल्या टिकल्या तो खाली ढकलतो. मेणकागद पंच केला तर पिना जरा सैल चालतात. वाकलेली पीन सरळ होत नाही, बदलावीच लागते. आणि या मशिनांचे सुटे भाग मिळत नाहीत.

तिसरं कारण सगळ्यात बिलंदर: कॉम्बचं माप. १२० कागदांचा दाबलेला गठ्ठा साधारण १२ मिलिमीटर, कव्हरांसकट साडेबारा. गठ्ठ्यापेक्षा तीनेक मिलिमीटर मोठा कॉम्ब लागतो, म्हणजे १६ चा. खोक्यावर १६ लिहिलेलं असतं, आत १४ चे निघतात. १४ चा कॉम्ब शंभरेक कागदांपुरता. त्यात १२० कोंबले की दात पूर्ण मिटत नाहीत, पानं उलटताना अडतात, दोन दिवसांत दोन-चार दात सुटतात. शेरा काय, तर ‘बाइंडिंग सैल’. मोजपट्टी लावून कॉम्बचा बाहेरचा व्यास मोजला तरी हे कळतं. माल पुनर्वापराच्या प्लास्टिकचा असेल तर एक दात पूर्ण उघडून सोडून बघा: मुडपलेल्या जागी पांढरी रेघ उठते आणि दात परत नीट मिटत नाही. आणि दात मोजा. ए-फोरला २१ लागतात. १९ निघाले तर तो अमेरिकन लेटर मापाचा पडून राहिलेला माल.

काही ठिकाणी याही पुढे जातात. आपल्याकडे सगळ्यालाच स्पायरल म्हणतात, त्याचा फायदा घेऊन कॉम्बचं मशीन गळ्यात मारतात आणि महिन्याने सांगतात, आता काम वायरोचं, म्हणजे धातूच्या तारेच्या बाइंडिंगचं आलंय, दुसरं मशीन घ्या. कॉम्बची भोकं लांबट चौकोनी, स्पायरलची गोल आणि दाट, वायरोच्या लहान मापात ए-फोरवर ३४. एकाचे पंच केलेले कागद दुसऱ्यात जात नाहीत.

मशीन कुठूनही घ्या, पैसे देण्याआधी स्वतःची ७५ जीएसएमची अर्धी रिम बरोबर न्या. दुकानातला नमुन्याचा कागद नको. आधी ५, मग ८, मग १० कागद पंच करा आणि प्रत्येक वेळी सगळ्यात खालचा कागद उजेडात धरा. कडा कुरतडलेल्या दिसल्या तर त्याच्या आधीचा आकडा ही त्या मशीनची खरी ताकद. मग पंच केलेले दोन कागद घ्या, त्यातला एक पालथा करून, भोकांची बाजू तीच ठेवून दुसऱ्यावर ठेवा. भोकं तंतोतंत जुळली तर पट्टी मध्यावर आहे. ट्रे ओढा: नव्या म्हणून विकलेल्या मशीनमध्ये जुन्या टिकल्या किंवा स्क्रूच्या खाचेत ओरखडे दिसले, तर ते वापरून झालेलं आहे.

पावतीकडे मशीनइतकंच लक्ष द्या. या योजनांच्या पावतीवर मशीनची विक्री लिहिलेलीच नसते. ‘ट्रेनिंग फी, परत मिळणार नाही’ असं असतं. त्यामुळे पुढे मशीन खराब निघालं तरी विकल्याचा पुरावा नाही. जीएसटी क्रमांकासह बिल मागा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, एकूण पंधरा अक्षरं-अंक, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव समोर येतं. बिलाला टाळाटाळ झाली की उठायचं.

पैसे गेलेच असतील तर पोलीस चौकीत बहुतेकदा ‘हा दिवाणी मामला आहे’ हे ऐकावं लागतं. अर्जात घटना तारखेवार मांडा, एकाच गाळ्यातून फसलेल्या सगळ्यांनी मिळून द्या आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे फसवणूक, स्पष्ट लिहा. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. सुरुवातीची चौकशी १९१५ या हेल्पलाइनवर होते, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. समोरचा वकील हमखास म्हणणार की मशीन धंद्यासाठी घेतलं, तेव्हा हे ग्राहकच नाहीत. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरत नाहीत. ते वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात घाला. बाद ठरवलेले चार-पाच सेट, कॉम्बचं खोकं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

हातात राहिलेलं मशीन बहुतेक जण ऑनलाइन विकायला काढतात, तिथे दुसरा ठग भेटतो. घासाघीस न करता किंमत मान्य, लष्करात आहे, पोस्टिंग खडकीला किंवा लोहगावला, ओळखपत्राचा फोटो, ‘गाडी पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना टाकावा लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पुढच्या खात्यातून रक्कम उचलली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.