दोन दिवसांत गुण आला, तिथंच फसले

डिसेंबरात मनगटावर दोन-तीन लाल पुळ्या उठल्या. आठवड्याभरात त्या बोटांच्या बेचक्यात आणि कमरेभोवती पसरल्या. सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. लावलं. दिवसा कसंबसं निभायचं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की उठून बसावं लागेल अशी खाज सुटायची.

मी सांगलीत घरीच ब्लाउज शिवते. माप घेताना हात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच असतात. एका बाईंनी टेप धरून विचारलं, "हे काय झालंय वो?" त्या दिवसापासून मी लांब बाह्या घालायला लागले. डॉक्टरांनी खरूज म्हटलं तर? हा शब्द आपल्याकडे घाणीला चिकटलेला. त्या लाजेपोटीच मी भलत्या दारात गेले.

बसस्टँडजवळ एका गाळ्यात 'सुईशिवाय रक्ततपासणी' अशी पाटी होती. फी 350 रुपये. मुठीत पितळी दांडी धरायला दिली, लॅपटॉपवर रंगीत पट्टे हलले आणि कागद बाहेर आला : रक्तातील उष्णता 78 टक्के. "ताई, रक्त बिघडलंय. आतून साफ करायला लागंल." कोर्स 2,800 रुपयांचा. काळपट चूर्णाच्या पुड्या आणि पांढऱ्या मलमाची डबी. डबीवर ना नाव, ना तारीख, ना आत काय आहे ते. पावती मागितली तर म्हणाला, "घरचं औषध हाय."

आणि गुण आला की! दोन दिवसांत पुळ्या बसल्या, खाज थांबली. मी सासूबाईंनाही घेऊन गेले, कारण एव्हाना त्याही खाजवत होत्या. त्यांच्याही कागदावर तेच 78 टक्के, आणि खाली लिहिलेलं : मासिक पाळी अनियमित. सासूबाईंचं वय 71. आम्ही दोघी रस्त्यात पोट धरून हसलो. पण कोर्सचे पैसे देऊन झाल्यावर. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मलम थांबवलं की तिसऱ्या दिवशी पुळ्या दुपटीनं परत. तो म्हणाला, विष बाहेर पडतंय. डबल पॉवरचे आणखी 3,400 घेतले. सगळे मिळून 9,700 रुपये. फेब्रुवारीपर्यंत मिस्टर आणि मुलगीही रात्री खाजवायला लागले, आणि माझ्या कोपराच्या आतली कातडी अस्तराच्या कापडासारखी पातळ दिसायला लागली.

शेवटी मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी दोनच गोष्टी विचारल्या : खाज रात्री जास्त येते का? घरात अजून कुणाला आहे का? गाळ्यातल्या माणसानं यातलं काहीच विचारलं नव्हतं. मग भिंगातून बोटाच्या बेचक्यातली एक बारीक रेघ दाखवली, कच्चा टाका घालावा तशी. कातडीत किड्यानं केलेली वाट. खरूजच. दिवाळीत मुलगा पुण्याच्या हॉस्टेलवरून आला, त्याच्या पांघरुणातून किंवा सहवासातून आली असणार. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून आमच्या ध्यानात आलं नाही. मलमात बहुतेक स्टेरॉइड असावं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं सूज आणि खाज दबते, किडा मरत नाही. उलट फावतं त्याचं.

उपाय साधा निघाला. पर्मेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, सकाळी आंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. चादरी, कपडे कढत पाण्यात धुतले. जाड रजई प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवली, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. मुलालाही फोन करून डॉक्टरकडे पाठवलं. त्याचा रूम पार्टनरही खाजवतच होता. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं ते बरं. नाहीतर दहाव्या रात्री माझा हात त्या पांढऱ्या डबीकडे गेलाच होता.

पैसे मागायला गेले तर गाळ्यात मोबाइलचे कव्हर टांगलेले. परवा एक गिऱ्हाईक सांगत होती, तासगावच्या बाजारात कुणीतरी मुठीत दांडी देऊन रक्त तपासतो. डबी आणि ते 78 टक्क्यांचे दोन्ही कागद मी जपून ठेवलेत. अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायचा अर्ज मुलगी लिहितेय. तिथं कुणाला अशी डबी मिळाली असेल, तर फेकू नका.