म्हातारपणी शेती: सालदार ठेवावा की बटाईने द्यावी?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडं आता घराघरात हाच विषय आहे, पोरं पुण्याला नोकरीला आणि केळी सांभाळायला सत्तरीचे अण्णा. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, ठेवला तर माल आपला, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरतं तेव्हा आगाऊ रक्कम द्यावी लागते, आणि रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला बॅटरी घेऊन अण्णाच बांधावर, गुडघा धरून उभे, मला ते बघवत नाही.

बटाईत, म्हणजे दुसऱ्याला कसायला देऊन पीक वाटून घेण्यात, दगदग नाही. पण कूळ लागेल, म्हणजे कसणारा कूळकायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल, ही 1957 पासूनची भीती, म्हणून सगळा तोंडी व्यवहार, सातबाऱ्यावर बटाईदाराचं नाव नाही, मग त्याला पीककर्ज मिळणं अवघड, आणि पुढच्या वर्षी जमीन मिळेलच याची खात्री नसताना तो शेणखत, ठिबक यात पैसा कशाला घालेल? गाव म्हातारं झालं की जमीनही अशी हळूहळू थकते, हे कुणी बोलतच नाही.



मला विचाराल तर बटाईच, पण लेखी करार करून. अण्णांना तेवढं पटवायचंय.