जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर की नवा ५० एचपीचा?
काळ्या जमिनीत फरक आधी नांगरटीत कळतो. ३५ एचपीला दोन फाळी पलटी नांगर लावून फूटभर खोल घातला की इंजिन दबतं, चाकं घसरतात आणि डिझेल नुसतं जळतं. ५० एचपीला तीच खोली जड जात नाही. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटरही पाच फुटीऐवजी सहा फुटी चालतो. पण एचपीचा आकडा पाहून थांबू नका. रोटाव्हेटर फिरतो पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याच्या ताकदीवर, आणि ती इंजिनापेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी असते. लिफ्टची क्षमताही तपासा. जड नांगर उचलला की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग नीट लागत नाही. म्हणून पुढे वजनाच्या प्लेटा बसवाव्याच लागतात.

डिझेल तासावर नव्हे, एकरावर मोजा. मोठा तासाला जास्त पितो, पण जड कामात एकर लवकर उरकतो. फवारणी, पेरणीला जुनाच परवडतो.

वापसा नसताना, म्हणजे जमीन अजून जास्त ओली असताना, मोठा ट्रॅक्टर शेतात घालूच नये. त्याच्या वजनानं खालचा थर घट्ट होतो, मुळं अडतात, पाणी साचतं. द्राक्षबागेच्या ओळींत तर तो अडचणीचाच. बाग असेल तर जुना विकू नका.