नव्या संगणकावर मेल: खातं पुन्हा जोडायचं की प्रोफाइल उचलून न्यायचं?

खातं आयमॅपचं, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच ठेवणाऱ्या प्रकारचं, असेल तर पहिला मार्ग अगदी सरळ. नव्या संगणकावर पत्ता आणि पासवर्ड टाका, सर्व्हरवरची सगळी पत्रं आपोआप उतरतात. मेलबॉक्स मोठा असेल तर वेळ लागतो, एवढंच.

पण 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त आपल्या संगणकावरच्या फोल्डरांत, हलवलेली पत्रं सर्व्हरवर नसतात. पॉप३ खात्यात, म्हणजे पत्रं संगणकावर उतरवून घेणाऱ्या प्रकारात, तर उतरवलेली पत्रं बहुधा फक्त जुन्या डिस्कवरच उरतात. वडिलांची दहा वर्षांपूर्वीची पत्रं मी अशीच ठेवली होती. खातं नुसतं जोडलं असतं तर ती मागेच राहिली असती.

म्हणून थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत असाल तर माझं मत प्रोफाइल फोल्डरच्या बाजूने. पत्रं, ॲड्रेस बुक, फिल्टर, साठवलेले पासवर्ड, सगळं त्यातच असतं. विंडोजमध्ये तो ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात सापडतो. कॉपी करण्याआधी थंडरबर्ड पूर्ण बंद करा, नाहीतर फाइल अर्धवट येऊ शकते. नव्या संगणकावरची आवृत्ती जुन्यापेक्षा मागची नको. आणि पासवर्ड त्यातच असल्याने पेनड्राइव्हवरची प्रत काम झाल्यावर पुसून टाका.

जुना संगणक मात्र महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.