डायनासोरांची पिसे: आधी ऊब की आधी प्रदर्शन?

पिसे उडण्यासाठी आली, हे उत्तर आधीच बाद करा. सुरुवातीची पिसे म्हणजे केसांसारखे साधे तंतू, त्यांच्यावर उडता येत नाही. खरी अडचण पुढच्या दोन पर्यायांत आहे: ऊब की प्रदर्शन, म्हणजे जोडीदाराला आकर्षित करण्यासाठीचा दिखावा?

रचनेत दोन्ही बरोबरीत. दाट तंतू हवा अडवून ऊब धरतात, आणि रंग दाखवायलाही तेवढे पुरतात.

शरीराचा आकार पाहिला, तर ऊब पुढे जाते. लहान शरीर लवकर थंड होते. अर्थात सुमारे ९ मीटर लांबीच्या युटायरॅनस या डायनासोरलाही तंतू होते, पण तो तुलनेने थंड हवामानात राहत होता.

रंगाचा पुरावा मात्र प्रदर्शनाच्या बाजूचा. चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, हे २०१० मध्ये रंगकणांच्या अवशेषांवरून कळले. (पट्टे लपायलाही उपयोगी पडतात, हे विसरू नये.)

वयाची कसोटी मला सर्वांत बोलकी वाटते. ऑर्निथोमिमस या डायनासोरच्या पिल्लांना नुसती लव होती, हातांवरची लांब पिसे फक्त प्रौढांना. ऊब पिल्लांनाही हवीच असते, जोडीदार शोधायचा असतो तो प्रौढांना.

म्हणून अंगभर पसरलेली पहिली लव समजून घ्यायची असेल तर ऊब निवडा, हात-शेपटीवरची लांब पिसे समजून घ्यायची असतील तर प्रदर्शन.