वेरॉनचा वेग, मॅकलारेनचा रुबाब

बुगाटी वेरॉनच्या ८ लिटर, १६ सिलिंडरच्या इंजिनाला चार टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारी यंत्रे) आणि गाडीत एकूण दहा रेडिएटर आहेत. २००५ मध्ये आलेल्या या गाडीने ताशी ४०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, हे थक्क करणारे असले तरी मला तिच्यात रुबाब जाणवत नाही. तो जाणवतो १९९२ च्या मॅकलारेन एफ१ मध्ये. या गाडीचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी टर्बो टाळला, चालकाचे आसन मधोमध ठेवले, दोन प्रवाशांना त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे बसवले आणि उष्णता परतवण्यासाठी इंजिनाच्या कप्प्याला चक्क सोन्याचा वर्ख लावला. इथे सोने मिरवायला नाही, कामाला आहे. मधल्या आसनापर्यंत पोहोचताना मात्र अंग चोरावेच लागते.