राजारामपुरीतला डोळ्यांचा दवाखाना: नंबर काढून मोकळं करत नाहीत

जिना अरुंद आहे, गर्दी मरणाची असते आणि सकाळी नाव लावलं तरी आत जायला दुपार होते. तरी डोळ्यांसाठी मी इथंच जा म्हणेन. मॅडम डोळ्यांत थेंब टाकून मागची नस बघितल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.

आमच्या मिसेसचं डोकं सकाळी उठल्या उठल्या ठणकायचं, मळमळायचं. वाकून उठलं की क्षणभर अंधारी. आधी दुसरीकडं नवा चष्मा झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. इथं मॅडमनी डोळ्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून आम्हालाही दाखवला. नसेच्या चकतीची कड एरवी नाण्यासारखी रेखीव असते, ती दोन्ही डोळ्यांत सुजून पुसट झाली होती. "डोक्यातला दाब वाढलाय, आजच एमआरआय करा," म्हणाल्या आणि न्यूरोच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला.

मेंदूत गाठ निघाली नाही. अशा वेळी कारण न सापडणारा दाब म्हणून गोळ्या सुरू होऊ शकतात. पण मॅडमच्या चिठ्ठीत एक ओळ होती, 'कंबर दुखते, रात्री जास्त.' डोळे तपासताना कंबरेचं कोण विचारतं हो? त्या ओळीमुळं न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं थांबवून आधी कण्याचा एमआरआय सांगितला. गाठ असताना तिच्या खालून पाणी काढलं तर पायांची ताकद जाऊ शकते म्हणे. खरंच कमरेत, कण्याच्या आत गाठ होती, एपेंडायमोमा नावाची.

पुढच्या भेटीत मॅडमनी समजावलं. मेंदू आणि कण्याभोवती एकच पाणी फिरतं, साधारण 150 मिली. रोज 500 मिलीच्या आसपास नवं तयार होतं आणि तेवढंच रक्तात जिरतं. अशा गाठीमुळं त्या पाण्यात प्रथिनं वाढतात, जिरण्याची वाट तुंबते आणि दाब चढतो, असं मानतात. फार क्वचित होतं हे.

ऑपरेशननंतर नसेची सूज ओसरली. उजव्या डोळ्याच्या कडेला थोडं अंधुक राहिलंय, ते मॅडम दर भेटीत मशीनवर मोजतात, आधीच्या कागदाशी ताडून बघतात.

जाताना जुने रिपोर्ट न्या आणि सोबत कुणीतरी असू द्या. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, गाडी चालवता येत नाही.